मास्तरांची रेडिओची खोली

तलासरीहून उधव्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत सागपाडा म्हणून एक पाडा आहे. त्याच्या अलीकडे चिकूची छोटी वाडी आणि वाडीत गोविंदराव चुरींचं कौलारू घर. गोविंदरावांनी सगळी नोकरी पोस्टात केली, शेवटची वर्षं तलासरीला काढली, म्हणून आजूबाजूचे सगळे त्यांना मास्तर म्हणत. ते आणि त्यांची बायको आनंदीबाई, दोघंही मूळची चिंचणीची. गावच्या घरात भावांची दाटी झाली तेव्हा त्यांनी इकडे जागा घेतली, घर बांधलं आणि इथलेच झाले. मुलगा प्रितम वापीला कंपनीत लागला, बायको विनितासह तिथेच फ्लॅट घेऊन राहिला. घरात दोघंच उरली.

दोघंच, आणि मास्तरांचे रेडिओ.

लग्न झालं तेव्हा मास्तर पालघरला होते. पोस्टाच्या मागे दोन खोल्यांचं क्वार्टर आणि त्या चाळीत रेडिओ एकट्या त्यांच्याकडे. रविवारी श्रुतिका लागायची तेव्हा शेजारच्या बायका निवडायच्या तांदळाचं सूप मांडीवर घेऊनच येऊन बसायच्या. घोड्यांच्या टापा वाजल्या की कुणीतरी खिडकीबाहेर बघायचं. मग सगळ्या हसायच्या. सकाळी पेपर आला की मास्तर आधी शेवटचं पान उघडत. तिथे 'दर्यावर्दी दाजी'ची तीन चौकोनांची चित्रमालिका असायची. दाजी म्हणजे एक म्हातारा खलाशी. तो दर वेळी नको त्या बेटावर उतरायचा आणि नको त्या माणसाशी भांडायचा. मास्तर ती मोठ्याने वाचून दाखवत, दाजीचा आवाज वेगळा, त्याच्या पोपटाचा वेगळा. नव्या नवरीला हसू आवरत नसे. एकदा हसता हसता तिचा भात करपला आणि मास्तर तसेच उपाशी ऑफिसला गेले. जाताना दारातून पुन्हा पोपटाच्या आवाजात ओरडले, "भात जळला, भात जळला!"

आनंदीबाईंना हा माणूस आवडला तो त्यामुळेच.

पुढे पेपरने दाजी बंद केला. वाळूत रुतलेल्या होडीत दाजी उभा आहे आणि भरती येतेय, इथवर गोष्ट आली होती. दुसऱ्या दिवशी त्या जागी शिवणयंत्राची जाहिरात होती. मास्तरांनी पेपरला पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. घराघरांत टीव्ही आले तसा रविवारी कुणी येईनासं झालं.

निवृत्त झाल्यावर मास्तरांना वेळ खायला उठला. पोस्टात दिवसभर माणसं यायची. वाडीत कोण येणार? तेव्हा त्यांनी जुने रेडिओ आणायला सुरुवात केली. घोलवडच्या एका इराणी बंगल्यातून व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला, मोठा मर्फी आला, डहाणूतल्या भंगारवाल्याकडून बॅकेलाइटचे दोन. वलसाडच्या बाजारातून तर त्यांनी टेम्पोत घालून एक रेडिओग्राम आणला, रेडिओ आणि तबकडी एकाच कपाटात असलेला. सागवानी, कमरेएवढा उंच, दोन माणसांना उचलत नाही असा. पुढच्या काचेवर लाहोर, रंगून, कोलंबो अशी नावं. रद्दीवाल्यांकडून जुने पेपर येऊ लागले. त्यांतले दाजीचे चौकोन कापून मास्तरांनी पुठ्ठ्यांवर चिकटवले, पुठ्ठे भिंतींवर लावले आणि उरलेल्या पेपरांचे गठ्ठे माळ्यावर टाकले.

२०१४ सालापर्यंत घराची उजवीकडची खोली पुरती भरली. त्या खोलीला दोन दारं होती, एक आतल्या बाजूचं आणि एक अंगणात उघडणारं. रेडिओग्रामला जागा मिळेना तेव्हा मास्तरांनी तो अंगणाच्या दारालाच टेकवून ठेवला.

"वारा कुठून येणार?" आनंदीबाईंनी विचारलं.

"खिडकी आहे की," मास्तर म्हणाले.

खिडकीला गज होते आणि अर्धी खिडकी गठ्ठ्यांनी झाकलेली.

रेडिओ लावला तर खरखरीशिवाय फारसं काही लागत नसे. पण मास्तरांनी चांगल्या दिवसांत श्रुतिका कॅसेटवर भरून ठेवल्या होत्या. एका रेडिओच्या पोटात त्यांनी टेपचा आवाज जोडून घेतला. रोज दुपारी तीनला ते खोलीत जाऊन बसत आणि हाक मारत, "आनंदी, ये गं. सुरू होतंय."

त्यांना एकट्याने ऐकायला आवडत नसे. आनंदीबाई पहिली काही वर्षं हौसेने बसल्या. मग सवयीने. मग कॅसेटी फिरून फिरून त्याच यायला लागल्या आणि त्यांना सगळी वाक्यं पाठ झाली. सावकार कधी खोकणार, सुनेचा हुंदका कधी येणार, दार कधी करकरणार, सगळं ठाऊक. विनोद आला की मास्तर त्यांच्याकडे बघत. त्या हसल्या की पुढे ऐकत. नाही हसल्या तर टेप मागे घेऊन म्हणत, "ऐकलं नाहीस का?"

बाहेर चिकू उतरवायचे असत. पावसाळा सरला की वाल पेरायचा असे. पाड्यावरचा चैत्या आणि त्याची बायको धाकली वाडीत कामाला येत, त्यांच्याबरोबर दुपारचा चहा प्यायची आनंदीबाईंना आवड होती. पण तीन वाजले की हाक येई.

एकदा त्यांची बहीण जमना चिंचणीहून आग्रहाने बोलवायला आली. जत्रा होती, माहेरच्या सगळ्या जणी जमणार होत्या. मास्तर म्हणाले, "जा की. मी काय तुला बांधून ठेवलंय?" आनंदीबाई गेल्या. दुसऱ्या दिवशी चैत्याचा फोन आला. "काकी, मास्तर काल दुपारपासून जेवलं नाय. खोलीत बसून हाय." त्या संध्याकाळच्या एसटीने परतल्या. मास्तरांनी एक शब्द विचारला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी तीनला नेहमीसारखी हाक मारली. तेव्हापासून आनंदीबाईंनी राहायला म्हणून कुठे जाणंच सोडलं.

२०१८ची दिवाळी होऊन गेली आणि जमीन हलायला लागली.

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, कुठेतरी सुरुंग लागला. जमिनीच्या पोटातून ढोल बडवल्यासारखा आवाज आला, भांडी खणखणली आणि थांबलं. मग आठवड्याने पुन्हा. मग रोजच. धुंदलवाडीकडे भिंतींना तडे गेले. शिक्षक मुलांना शाळेबाहेर झाडाखाली बसवून शिकवू लागले. पाड्यावर लोकांनी आपापल्या झोपड्यांबाहेर ताडपत्र्या बांधल्या आणि कुडकुडत तिथे निजायला सुरुवात केली. सरकारी तंबू आले, माहितीची पत्रकं आली. धक्का बसला की बाहेर पळा, नाहीतर पलंगाखाली शिरा, असं माईकवरून सांगत गाडी फिरून गेली.

आनंदीबाई म्हणाल्या, "अहो, आपणही अंगणात खाटा टाकू."

"कशाला?"

"सगळे बाहेर झोपतायत. भिंतीला तडा गेलाय, बघितलात का? तुमच्याच खोलीच्या."

"चिरेबंदी नसलं तरी घर पक्कं आहे. मी उभं राहून बांधून घेतलंय." मग जरा वेळाने म्हणाले, "आणि यांना कुठे नेऊ? थंडीत, दवात ठेवू? व्हॉल्व्ह एकदा गेले तर मिळत नाहीत आता."

"मी माणसांचं बोलतेय."

"माणसं काय, केव्हाही बाहेर पळतील."

मास्तरांचे गुडघे गेले होते. काठी घेऊन मोरीपर्यंत जायला त्यांना किती वेळ लागे ते आनंदीबाईंना माहीत होतं. नवरा आत झोपतो म्हणून त्याही आत झोपत. जरा खुट्ट झालं की उठून बसत. मास्तर घोरत असत.

प्रितम वापीहून आला. म्हणाला, "बाबा, चला माझ्याकडे. थोडे दिवस."

"तुझ्या फ्लॅटात हे सगळं मावेल?"

"सगळं कशाला? एखादा घ्या बरोबर."

मास्तरांनी त्याच्याकडे असं बघितलं की प्रितमने विषयच सोडला. निघताना तो आईला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, तू तरी चल."

"आणि यांना कोण बघेल?"

प्रितमने बॅग उचलली. ती येईल अशी अपेक्षा त्याने विचारतानाही केली नसावी.

जानेवारीत आनंदीबाईंनी चूल बाहेर काढली. आंब्याखाली तीन दगड मांडले, ताडपत्री बांधली. स्वयंपाक तिथे, धान्य निवडणं तिथे. धाकली येऊन बसे. तिच्या अंगावर शाल असे आणि ती सारखी जमिनीकडे बघत बोले. धक्का आला की दोघी एकमेकींचा हात धरत आणि तो गेला की काहीतरी कारण काढून हसत. इतक्या वर्षांत आनंदीबाई कुणाबरोबर अशा नुसत्या बसल्या नव्हत्या. पण तीन वाजले की आतून हाक यायची. मग हात पुसून त्या तडा गेलेल्या भिंतीच्या खोलीत जाऊन बसायच्या.

एका दुपारी सावकाराची श्रुतिका लागली होती. सावकार खोकणार तेवढ्यात जमीन गुरगुरली. खोली हलली, वरून गिलाव्याचा पापुद्रा सुटून आनंदीबाईंच्या खांद्यावर आणि मांडीवर पडला. त्यांनी घाबरून मास्तरांकडे हात केला.

मास्तरांचे दोन्ही हात मर्फीवर होते. फळीवरून पडू नये म्हणून त्यांनी तो छातीशी घट्ट धरला होता.

धक्का थांबला. टेप चालूच होती. मास्तरांनी रेडिओ अलगद जागेवर ठेवला, त्याच्यावरची धूळ धोतराच्या टोकाने पुसली आणि मग विचारलं, "तुला लागलं का गं?"

"नाही," आनंदीबाई म्हणाल्या.

त्या उठल्या, अंगावरचा चुना झटकला आणि बाहेर जाऊन आंब्याखाली बसल्या. धाकलीने विचारलं, "काकी, काय जालं?" वांगी चिरायची राहिली होती, ती त्यांनी चिरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी तीनला हाक आली. त्या जागच्या उठल्या नाहीत.

"आनंदी! सुरू होतंय!"

"मी इथून ऐकते," त्यांनी अंगणातून सांगितलं.

आत टेपचं बटण खटकलं. मग मास्तरांनी आवाज मोठा केला. सावकाराचं खोकणं वाडीभर घुमलं. चैत्या झाडावरून खाली बघायला लागला. त्या दिवसापासून मास्तर रोज आवाज मोठा ठेवत आणि मध्येच ओरडत, "ऐकलंस का?" आनंदीबाई ओरडत, "ऐकलं." त्या पहिल्याच संध्याकाळी आनंदीबाईंनी आपली एकटीची खाट अंगणात घेतली. मास्तर दारात काठी टेकून उभे होते. म्हणाले, "मला एकट्याला आत ठेवणार?"

"तुम्हीही या. तुमची खाट चैत्या काढेल."

ते आत गेले. आनंदीबाईंनी त्यांचा पलंग दारापासून दोन पावलांवर सरकवून घेतला होता. त्याहून जास्त त्यांना जमण्यासारखं नव्हतं. तरी अंगणात पडल्यावर आपण काहीतरी वाईट केलंय असंच त्यांना वाटत राहिलं.

फेब्रुवारीचा पहिलाच दिवस होता. दुपारची जेवणं झाली होती. मास्तर कॅसेट लावायला खोलीत गेले होते, आनंदीबाई भांडी घासत होत्या. आधी आवाज आला. नेहमीचा ढोल नव्हे, जमिनीखालून मालगाडी जावी तसा. हातातलं ताट निसटलं. आंबा मुळापासून थरथरला, घराच्या कौलांची रांगच्या रांग घसरून अंगणात फुटली आणि आतून एक मोठा, दबका धप्प असा आवाज झाला.

सगळं थांबल्यावर खिडकीच्या गजांतून धूळ बाहेर येत होती.

"अहो!"

उत्तर नाही.

"अहो, ऐकू येतंय का?"

आतून खोकला ऐकू आला. मग मास्तरांचा आवाज, "माळा आला खाली. माझा पाय अडकलाय."

आनंदीबाई आतल्या दाराकडे धावल्या. दार आतल्या बाजूला उघडणारं होतं. माळ्यावरचे सगळे गठ्ठे, फळ्या आणि एक वासा दारामागे कोसळला होता. त्यांनी खांदा लावून ढकललं. दार बोटभरही हललं नाही. फटीतून नुसते पेपर दिसत होते, पिवळे, एकावर एक दाबलेले.

पाड्यावरून माणसं धावत आली. चैत्या, त्याच्या हातात कुऱ्हाड. त्याचा मुलगा प्रविण, जो तलासरी नाक्यावर इको गाडी चालवायचा, तो नेमका घरी होता. दोघांनी आतलं दार बघितलं. प्रविण म्हणाला, "हे नाय हलायचं. जोर लावला तर वरचं अर्धं छप्पर पण येल."

"अंगणाचं दार फोड," आनंदीबाई म्हणाल्या.

चैत्याने अंगणाच्या दाराची एक फळी कुऱ्हाडीने उडवली. दुसरी उडवली. आत हात घातला आणि थांबला. मागे वळून म्हणाला, "काकी, मोठा रेडिओ हाय."

रेडिओग्राम दारात आडवा बसला होता. त्याच्या डोक्यावर माळ्याची तुळई येऊन टेकली होती. ढकलून सरकणारा नव्हता. आत शिरायचं तर तो फोडूनच.

मास्तरांना कुऱ्हाडीचा आवाज ऐकू आला असावा. ते आतून ओरडले, "चैत्या! त्याला हात लावायचा नाही! वरून कौलं काढा, वरून काढा मला!"

प्रविणने छपराकडे बघितलं. उरलेले वासे लोंबत होते, भिंतीचा तडा आता हात जाईल एवढा रुंद झाला होता. "त्याच्यावर कोण चढल?" तो पुटपुटला.

आनंदीबाई खिडकीपाशी गेल्या. गजांतून त्यांना मास्तरांचं डोकं आणि एक खांदा दिसला. केस पांढरे होतेच, आता धुळीने भुवयाही पांढऱ्या झाल्या होत्या.

"अहो, छपरावर चढता येत नाही. तो फोडावा लागेल."

"नको, आनंदी. थांब. डहाणूहून माणसं येतील, सरकारी. त्यांच्याकडे सामान असतं. मी थांबतो. मला त्रास नाही होत."

"पुन्हा हललं तर?"

"नाही हलणार. ऐक माझं. तसला आता कुठे मिळणार नाही गं."

आनंदीबाई गज धरून उभ्या राहिल्या. हा माणूस खोटं बोलत नव्हता. खरंच थांबला असता, त्या खोलीत, कितीही वेळ. आणि त्याच्याबरोबर खिडकीबाहेर आपणही थांबलो असतो, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं.

तेवढ्यात जमीन पुन्हा गुरगुरली. धक्का बारीकच होता, पण आत काहीतरी घसरलं आणि मास्तर ओरडले. मग त्यांचा आवाज येईना.

"चैत्या, फोड," आनंदीबाई म्हणाल्या.

चैत्या कुऱ्हाड धरून तसाच उभा. तो रेडिओग्राम टेम्पोतून उतरवायला त्यानेच हात लावला होता. मास्तर दर आठवड्याला त्याला तेल लावताना त्याने पाहिलं होतं. "काकी, मास्तर नको म्हनतं..."

आनंदीबाईंनी कुऱ्हाड त्याच्या हातातून घेतली. पहिला घाव बाजूला लागला, सागवानाला नुसती खपली निघाली. दुसरा नीट बसला. मागची फळी फुटली, तारा दिसल्या, काचेच्या नळ्या फटाफट फुटल्या. त्या मारत राहिल्या. पदर सुटला, तो धाकलीने मागून खोचला. एवढ्या जोराने आपण काही करू शकतो हे त्यांना माहीतच नव्हतं. भीती होती आणि भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, ज्याचं नाव त्यांनी नंतरही कुणाला सांगितलं नाही. मग प्रविणने त्यांना धरून बाजूला केलं. चैत्याने कुऱ्हाड घेतली आणि लाकडाच्या दोन बाजू तशाच ठेवून मधून बोगदा काढला. बाजू तशाच ठेवल्या म्हणून तुळई वरच्या वर राहिली. प्रविण पोटावर सरपटत आत शिरला.

मास्तर शुद्धीवर होते. एवढा वेळ ते बोलत नव्हते, इतकंच. डाव्या पायावर फळीसकट गठ्ठे पडले होते. प्रविणने एकेक गठ्ठा उचलून बाजूला टाकला आणि काखेत हात घालून त्यांना ओढलं. काचेच्या तुकड्यांवरून येताना त्यांचे डोळे उघडे होते. बाहेर आल्यावर त्यांनी आधी रेडिओग्रामकडे बघितलं, मग आनंदीबाईंकडे.

"तू फोडलास?"

"हो."

प्रविणच्या इकोत मागची सीट पाडून त्यांना डहाणूच्या दवाखान्यात नेलं. रस्ताभर त्यांनी डोळे मिटून घेतले होते. आनंदीबाईंनी त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला नाही आणि धरलाही नाही.

पायाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर झालं. प्रितम धावत आला. दोन दिवसांनी सोडताना म्हणाला, "आता काही ऐकणार नाही. दोघं वापीला चला."

मास्तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तुझ्या आईला विचार. ती ठरवते हल्ली."

प्रितमने आईकडे बघितलं. आनंदीबाई थर्मासचं झाकण लावत होत्या. त्यांनी ते नीट लावलं आणि म्हणाल्या, "तू यांना घेऊन जा. मी वाडीत राहते."

"एकटी? तंबूत?"

"एकटी कुठे? सगळा पाडा बाहेर आहे. चिकू उतरायचेत."

"आई, बाबांना बघायला..."

"विनिता आहे, तू आहेस. पाय बरा होईपर्यंत बघा. मला तिथे नको नेऊस." त्यांचा आवाज चढला नव्हता, तरी शेजारच्या खाटेपाशी बसलेली बाई वळून बघायला लागली. "मला पुन्हा एका खोलीत नाही बसवत."

मास्तरांनी मान वळवली. गाडीत बसवताना त्यांनी एवढंच विचारलं, "मर्फी?"

"आहे," आनंदीबाई म्हणाल्या. "चैत्याने काढून ताडपत्रीखाली ठेवलाय."

घर राहण्यासारखं उरलं नव्हतं. बघायला आलेल्या माणसांनी आत जाऊ नका म्हणून सांगितलं. चैत्याने आणि प्रविणने हाताला लागतील तेवढे रेडिओ बाहेर काढले. गठ्ठे काढायला कुणी गेलं नाही, पण दाजीचे काही पुठ्ठे अंगणात येऊन पडले होते. एका सकाळी झाडताना आनंदीबाईंनी त्यांतला एक उचलला. दाजी एका बेटाच्या राजाला मासळी सोलायला शिकवत होता आणि पोपट राजाच्या मुकुटात अंडं घालून बसला होता. त्या उभ्या उभ्याच फसकन हसल्या. मग त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. कुणी आपल्याकडे बघत नव्हतं. कुणी हसण्याची वाट बघत नव्हतं. त्यांनी पुठ्ठा पुसून रेडिओंच्या वर ठेवला.

धक्के थांबले नव्हते. भीतीही गेली नव्हती. जेवताना ताट हातात धरायची सवय लागली होती, खाली ठेवलं की ते कधी नाचेल सांगता येत नसे. आंघोळ दोन तांब्यांत उरकत. चार भिंती म्हटलं की अंगावर काटा येई, आणि पावसाळा आला तर काय, हा विचार त्या रोज ढकलत होत्या. तंबूत दुपारी भट्टीसारखं तापे. एवढं असून त्या वापीला गेल्या नाहीत. बाहेर असूनही अडकलेलंच हे जिणं, पण त्यात तीन वाजता हाक येत नव्हती.

पहिले काही दिवस मास्तरांनी फोन केला नाही. मग एका दुपारी केला. रेडिओंची चौकशी केली, दव पडतं का, उंदीर लागले का. आनंदीबाईंनी सांगितलं. मास्तरांनी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच प्रश्न. असं आठवडाभर चाललं. मग एकदा ते रेडिओंबद्दल काही बोललेच नाहीत.

"काय करतेयस?" त्यांनी विचारलं.

"वाल सोलतेय. धाकली आलीय."

"इथे चौथ्या मजल्यावर आहे मी. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी दिसते. प्रितम कामाला जातो, विनिता शाळेत शिकवायला जाते. टीव्ही लावून देतात मला." मागचा टीव्हीचा आवाज त्यांनी बंद केला. "कंटाळा येतो गं, आनंदी. तेच तेच."

आनंदीबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. धाकलीने त्यांच्याकडे बघितलं.

"मलाही यायचा," त्या म्हणाल्या.

"कशाचा?"

"दुपारी. तुमच्या खोलीत. किती वर्षं."

फोनवर विनिताच्या घरातलं कसलं तरी यंत्र घुरघुरत होतं. आनंदीबाईंना वाटलं, आता हे फोन ठेवतील. आणि ठेवला तर ठेवू देत, असंही वाटलं.

"बोलली नाहीस कधी," मास्तर म्हणाले.

"तुम्ही टेप मागे घ्यायचात."

मास्तर घसा खाकरून म्हणाले, "पायाचं प्लास्टर सुटलं की मी तिकडे येईन म्हणतो."

"या. पण बाहेर राहावं लागेल. पत्र्याची शेड घालतोय चैत्या, तीन बाजूंनी उघडी. त्यांतली एकही मी बंद करू देणार नाही."

ते काही बोलणार तेवढ्यात जमीन हलली. वालाचं सूप थरथरलं, दाणे एका बाजूला गोळा झाले. धाकलीने आनंदीबाईंचा गुडघा धरला. कुत्री भुंकली आणि गप्प झाली.

"काय झालं? लागला का धक्का?" मास्तरांचा आवाज एकदम चिरका झाला.

"हो. बारीक होता."

"तू बाहेर आहेस ना?"

"बाहेरच आहे," आनंदीबाई म्हणाल्या.